तैवानचा मतदार मत देताना नेमका कशाचा विचार करतो? ओळख, चीन आणि व्यापाराचं गणित समजून घ्या

दुपारचे चार वाजले की तैवानमध्ये मतदान संपतं आणि त्याच केंद्रावर मोजणी सुरू होते. तिथं ईव्हीएम नाही. कर्मचारी पेटीतून एकेक मतपत्रिका काढतो, डोक्याच्या वर धरून सगळ्यांना दाखवतो आणि उमेदवाराचं नाव मोठ्यानं पुकारतो. दुसरा कर्मचारी भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढतो. पाच रेघांचं एक चिनी अक्षर पूर्ण झालं की पाच मतं झाली. कुणीही सामान्य माणूस तिथं उभा राहून हे पाहू शकतो. रात्रीपर्यंत राष्ट्राध्यक्ष कोण, ते कळलेलं असतं.

१३ जानेवारी २०२४ ला अशाच मोजणीतून लाई चिंग-ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. चीन त्यांना 'फुटीरतावादी' म्हणतो. त्यामुळे जगभरातल्या हेडलाइन्स साधारण एकच होत्या: तैवाननं चीनला नाकारलं.

पण आकडे नीट पाहिले तर गोष्ट इतकी सरळ नाही. लाई यांना मिळाली ४०.०५ टक्के मतं. म्हणजे दहापैकी सहा मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं. त्याच दिवशी झालेल्या संसदेच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षानं बहुमतही गमावलं.

मग तैवानच्या मतदाराला नेमकं म्हणायचं काय आहे? मुद्दे एकेक करून पाहूयात.

आधी हे समजून घ्या: तैवान देश आहे की नाही?

तैवानची लोकसंख्या सुमारे २.३ कोटी. स्वतःचं सरकार, लष्कर, चलन, पासपोर्ट सगळं आहे. पण अधिकृत नाव आहे 'रिपब्लिक ऑफ चायना'.

याचं कारण इतिहासात आहे. १८९५ ते १९४५ या काळात तैवानवर जपानची सत्ता होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ते चीनमधल्या कुओमिंतांग सरकारच्या ताब्यात आलं. १९४९ मध्ये माओंच्या कम्युनिस्टांकडून हरल्यावर चँग कै-शेक यांचं हे सरकार लाखो लोकांसह तैवानला आलं आणि 'आम्हीच खरा चीन' असं सांगत राहिलं. तेव्हा लागू झालेला मार्शल लॉ १९८७ पर्यंत होता.

१९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा बीजिंगकडे गेली आणि तैवान बाहेर पडला. २०२४ च्या निकालानंतर दोनच दिवसांत नाउरू या चिमुकल्या देशानंही तैवानशी संबंध तोडले. त्यानंतर तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध ठेवणारे अवघे १२ उरले.

राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक झाली ती मार्च १९९६ मध्ये. त्याआधी मतदारांना घाबरवण्यासाठी चीननं तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली होती. परिणाम उलटा झाला. चीनचा रोष ज्यांच्यावर होता, ते ली तेंग-हुई ५४ टक्के मतं घेऊन जिंकले.

मतदारापुढे पर्याय कोणते?

आपल्याकडे डावे-उजवे म्हणतात, तसं तैवानमध्ये रंगांवरून बोलतात.

- हिरवे: डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी (डीपीपी). स्थापना १९८६. तैवानची वेगळी ओळख हा पाया.
- निळे: कुओमिंतांग (केएमटी). एकेकाळचा हुकूमशाही पक्ष, आता मतपेटीतून सत्तेत येणारा आणि जाणारा. चीनशी संवाद आणि व्यापार वाढवावा, ही भूमिका.
- पांढरे: तैवान पीपल्स पार्टी (टीपीपी). २०१९ मध्ये स्थापन झालेला पक्ष. 'दोघांच्या भांडणात आमचे प्रश्न राहून गेले' असं म्हणणाऱ्या तरुणांचा ओढा इकडे.

२०२४ मध्ये केएमटीच्या होउ यू-ई यांना ३३.४९ टक्के आणि टीपीपीच्या को वेन-जे यांना २६.४६ टक्के मतं मिळाली. ११३ जागांच्या संसदेत केएमटीला ५२, डीपीपीला ५१ आणि टीपीपीला ८ जागा. उरलेल्या दोन अपक्षांच्या.

'तुम्ही कोण?' या प्रश्नाचं उत्तर कसं बदललं?

तैपेईतल्या नॅशनल चेंगची विद्यापीठाचं निवडणूक अभ्यास केंद्र १९९२ पासून लोकांना एक साधा प्रश्न विचारतंय. तुम्ही स्वतःला तैवानी मानता, चिनी मानता की दोन्ही?

१९९२ मध्ये २५ टक्क्यांहून अधिक लोक 'चिनी' म्हणाले होते. 'फक्त तैवानी' म्हणणारे १८ टक्क्यांच्या आसपास होते. सर्वाधिक लोक 'दोन्ही' म्हणणारे होते. अलीकडच्या वर्षांत चित्र पालटलंय. 'फक्त तैवानी' म्हणणारे ६० टक्क्यांच्या वर गेलेत, 'दोन्ही' म्हणणारे साधारण ३० टक्के आहेत आणि 'फक्त चिनी' म्हणणारे दोन-तीन टक्क्यांवर आलेत.

असं का झालं? एक म्हणजे पिढी बदलली. चीनमध्ये जन्मून तैवानला आलेले लोक वयोमानानं कमी झाले आणि त्यांची नातवंडं तैवानमध्येच वाढली. दुसरं म्हणजे या नातवंडांनी हुकूमशाही पाहिलेलीच नाही. त्यांच्यासाठी 'तैवानी असणं' आणि 'सरकार निवडता येणं' या गोष्टी जोडलेल्या आहेत. २०१९ मध्ये हाँगकाँगमधली आंदोलनं दडपली गेली, तेव्हा हे ठळकपणे दिसलं. २०१८ च्या स्थानिक निवडणुकीत सपाटून मार खाल्लेल्या डीपीपीच्या त्साई इंग-वेन जानेवारी २०२० मध्ये ५७ टक्के मतं घेऊन पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाल्या.

मग स्वातंत्र्य जाहीर का करत नाहीत?

इथंच बाहेरच्यांची गफलत होते. ओळख तैवानी आहे, म्हणजे लगेच 'आजच स्वातंत्र्य जाहीर करा' असं मतदाराला वाटतं, असं नाही.

त्याच विद्यापीठाच्या पाहणीत आणखी एक प्रश्न असतो: स्वातंत्र्य हवं, विलीनीकरण हवं की आहे तसंच राहू द्यायचं? 'निदान सध्या तरी आहे तसंच राहू दे' असं म्हणणारे ८० टक्क्यांहून जास्त आहेत. लगेच स्वातंत्र्य किंवा लगेच विलीनीकरण हवं असणारे अगदी थोडे.

याचं एक बोलकं उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०१८ चं सार्वमत. ऑलिम्पिकमध्ये तैवानचे खेळाडू 'चायनीज तैपेई' या नावानं उतरतात. त्याऐवजी 'तैवान' नावानं अर्ज करायचा का, असा प्रश्न होता. स्वतःला तैवानी म्हणवणाऱ्या समाजानं तो प्रस्ताव फेटाळला. नावाच्या वादात आपल्या खेळाडूंचा प्रवेशच धोक्यात येईल, ही भीती होती.

म्हणजे 'आम्ही कोण' आणि 'आम्हाला काय म्हणायचं' हे तैवानच्या मतदारासाठी दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर त्याला माहीत आहे. दुसऱ्याची किंमत किती, याचा तो हिशेब करतो.

ही किंमत कुठे दिसते? अननसाची गोष्ट

मार्च २०२१ मध्ये चीननं तैवानचे अननस घेणं बंद केलं. कारण दिलं, किडी सापडल्या. तैवाननं हे राजकीय दबावतंत्र असल्याचं म्हटलं. तैवानमधून निर्यात होणाऱ्या अननसांपैकी ९० टक्क्यांहून जास्त चीनला जात होते. पण एकूण उत्पादनाच्या मानानं निर्यात साधारण दहावा हिस्सा होती. सरकारनं 'अननस खा' अशी मोहीम चालवली, जपाननं खरेदी कित्येक पटींनी वाढवली आणि तो हंगाम निभावला.

मग सप्टेंबर २०२१ मध्ये सीताफळाच्या तैवानी जातीवर आणि जांबावर बंदी आली. जून २०२२ मध्ये ग्रुपर मासा. २०२३ च्या जूनमध्ये सीताफळाची आयात पुन्हा सुरू झाली, पण नोंदणी झालेल्या बागांमधूनच. कांद्याची निर्यातबंदी अनुभवलेल्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, की बाजार एका रात्रीत बंद झाला की बागेत उभ्या मालाचं काय होतं. फरक इतकाच, की तैवानच्या शेतकऱ्याचा बाजार दुसरं सरकार बंद करतं. त्या सरकारला तो मत देऊन बदलू शकत नाही.

चीनशी व्यापार करार झाला होता ना?

हो. २००८ मध्ये केएमटीचे मा यिंग-जिउ निवडून आले आणि दोन्ही बाजूंमध्ये नियमित थेट विमानं सुरू झाली. जून २०१० मध्ये आर्थिक सहकार्याचा करार झाला, तो 'एक्फा' नावानं ओळखला जातो. त्यातून तैवानच्या ५३९ आणि चीनच्या २६७ वस्तूंवरचं आयात शुल्क कमी झालं किंवा निघालं. तैवानला जास्त सवलती मिळाल्या होत्या.

पुढच्या टप्प्यावर गाडी अडकली. बँका, छपाई, आरोग्य अशी सेवाक्षेत्रं एकमेकांना खुली करणारा करार २०१३ मध्ये झाला. तो पुरेशी चर्चा न करता संसदेतून रेटला जातोय, असं म्हणत १८ मार्च २०१४ ला विद्यार्थी थेट संसदेत घुसले आणि १० एप्रिलपर्यंत तिथंच बसले. हेच 'सनफ्लॉवर आंदोलन'. तो करार आजतागायत मंजूर झालेला नाही.

लाई निवडून आल्यावर चीननं दिलेल्या सवलती काढून घ्यायला सुरुवात केली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पहिला फटका निवडणुकीआधीच बसला होता. १ जानेवारी २०२४ पासून १२ पेट्रोकेमिकल वस्तूंवरच्या सवलती थांबल्या. लाई यांच्या शपथविधीनंतर काही आठवड्यांत, १५ जूनपासून आणखी १३४ वस्तूंची भर पडली. सप्टेंबरमध्ये ३४ शेतमाल आणि मत्स्य उत्पादनांची शुल्कमाफीही गेली.

मग तैवानचं चीनवाचून अडतं का?

अडतं, पण पूर्वीइतकं नाही. २०२० मध्ये तैवानची जवळपास ४४ टक्के निर्यात चीन आणि हाँगकाँगला जात होती. २०२४ मध्ये हा वाटा ३२ टक्क्यांच्या आसपास आला. गुंतवणुकीत तर मोठी उलथापालथ झाली. २०१० मध्ये तैवानच्या परदेशी गुंतवणुकीपैकी ८० टक्क्यांहून जास्त पैसा चीनमध्ये जायचा. २०२३ मध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांवर होतं.

निर्यातीतली जागा मुख्यतः अमेरिकेनं घेतली. त्यामागे टीएसएमसीसारख्या कंपन्यांच्या चिप्स आणि एआयसाठी लागणारे सर्व्हर आहेत. पण एका टोपलीतली अंडी दुसऱ्या टोपलीत ठेवली, तरी टोपली एकच राहते. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनानं तैवानी मालावर ३२ टक्के आयात शुल्क जाहीर केलं, ऑगस्टमध्ये ते २० टक्क्यांवर आणलं. 'चीनवर अवलंबून राहू नका' हे मतदाराला पटतं. 'मग कुणावर अवलंबून राहायचं' हा त्याचा पुढचा प्रश्न आहे.

शिवाय चिप्सच्या तेजीचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. चिप कंपनीतला इंजिनिअर, फळबाग असलेला शेतकरी आणि चिनी पर्यटकांवर चालणारं हॉटेल, या तिघांचं चीनबद्दलचं गणित वेगळं असतं.

सगळे मतदार एकसारखे नाहीत

- चीनमध्ये व्यवसाय करणारे: यांना 'ताइशांग' म्हणतात. पोस्टानं किंवा परदेशातून मत देण्याची सोय नाही. नोंदणी जिथं आहे, त्याच गावी जाऊन मत द्यावं लागतं. मुंबईतला चाकरमानी मतदानाला कोकणात जातो, तसे हे शांघायहून विमानानं येतात.
- किनमेनचे रहिवासी: हे बेट तैवानच्या ताब्यात असलं तरी चीनच्या शियामेन शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. दोन्हीकडे फेरीबोटी चालतात. इथं वर्षानुवर्षं निळ्यांना मोठं मताधिक्य मिळतं.
- तरुण: घरांच्या चढ्या किमती आणि न वाढणारे पगार हे यांचे मुद्दे. त्यात १ जानेवारी २०२४ पासून सक्तीची सैन्यसेवा चार महिन्यांवरून एक वर्ष झाली. ती २००५ मध्ये आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना लागू आहे. मतदानाचं वय मात्र २०. म्हणजे नियम लागू झालेल्या पहिल्या मुलांना २०२४ मध्ये मतच देता आलं नाही. वय १८ करण्याचा प्रस्ताव २०२२ च्या सार्वमतात पुरेशा मतांअभावी बारगळला होता.

म्हणूनच 'तैवान म्हणजे चीनविरोध' असं एकाच रंगात रंगवता येत नाही. २०२५ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये केएमटीच्या ३१ खासदारांना परत बोलावण्यासाठी मतदान झालं. ते चीनधार्जिणे आहेत, असा आरोप होता. एकालाही मतदारांनी घरी पाठवलं नाही.

आपला काय संबंध?

भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. १९९५ पासून दोन्हीकडे कार्यालयांमार्फत काम चालतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवाननं मुंबईत असं कार्यालय सुरू केलं आणि चीननं भारताकडे निषेध नोंदवला. म्हणजे पाटी कुठं लागते आणि तिच्यावर काय लिहिलंय, यावरचा वाद आता आपल्या शहरातही पोहोचलाय.

थोडक्यात काय?

तैवानचा मतदार राष्ट्राध्यक्षपदासाठी हिरव्यांना निवडतो, संसदेत त्यांना बहुमत देत नाही आणि स्थानिक निवडणुकीत अनेकदा निळ्यांकडे झुकतो. बाहेरून हा गोंधळ वाटतो. पण आपण कोण, हे ठरवायचा हक्क सोडायचा नाही आणि त्यासाठी युद्धही ओढवून घ्यायचं नाही, अशी त्याची एकूण भूमिका दिसते. शेजारी मोठा आहे, त्याच्याशी धंदा करावा लागतो, पण सगळा धंदा त्याच्या हातात देणं परवडत नाही, हेही त्याला अननसानं शिकवलंय.

त्यामुळे पुढच्या वेळी 'तैवाननं चीनला नाकारलं' किंवा 'तैवान चीनकडे झुकला' अशी हेडलाइन दिसली, तर संसदेतल्या जागा आणि स्थानिक निवडणुकांचे निकालही उघडून पाहा. एका मतपत्रिकेवर मतदार सगळं काही लिहीत नाही.