पायऱ्या चढतानाची गाणी

आमच्याकडं बायबल झिजायचं ते मधोमध. पहिली पानं करकरीत, शेवटची बऱ्यापैकी, आणि मधली मात्र पिवळी पडलेली, कडेला तेलाचे डाग, शिवण उसवलेली. तिथं स्तोत्रसंहिता असते. एकंदर १५० स्तोत्रं. माझी आजी नगर जिल्ह्यातली, सही म्हणून अंगठा उठवणारी. पण २३वं, ९०वं आणि १२१वं स्तोत्र तिला तोंडपाठ. मयताच्या घरी रात्र काढायची असली तरी तिला पुस्तक लागायचं नाही.

पिंपरीत कारखान्यात लागल्यावर मी एका निवृत्त पाळकसाहेबांकडं रविवारी दुपारी हिब्रू मुळाक्षरं गिरवायला बसू लागलो. उजवीकडून डावीकडं लिहायचं, म्हणून पहिले काही महिने हात अडखळायचा. मराठीतून हिब्रू शिकणं काही नवीन नव्हे. जॉन विल्सन यांनी मराठीत हिब्रूचं व्याकरण काढलं ते १८३२ साली, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींना डोळ्यापुढं ठेवून. ही मंडळी मराठी बोलतात आणि हीच स्तोत्रं मूळ हिब्रूत म्हणतात. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे १८६७चं सिनेगॉग, पाहिलेल्यांना हे ठाऊक असेल. सणाच्या दिवशी ११३ ते ११८ ही सहा स्तोत्रं तिथल्या उपासनेत असतातच. म्हणजे आजीची स्तोत्रं ही आधी दुसऱ्या घरची. आम्ही ती मागून घेतलेली.

हिब्रू कवितेत यमक सहसा नसतं. ओळीचे दोन भाग, आणि पहिल्यात म्हटलेलं दुसऱ्यात वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणायचं, वाढवायचं, नाहीतर उलटवायचं. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लोथ यांनी १७५३ साली हे उलगडून मांडलं तेव्हा युरोपातल्या पंडितांना मोठं नवल वाटलं. जात्यावर बसलेल्या बाईला त्यात नवल काय? एकीनं ओवी धरायची, समोरचीनं ती पुढं न्यायची. आमच्या मंडळीत अजून स्तोत्र आळीपाळीनं वाचतात, एक वचन पाळक, एक लोक. लय अशी अर्थात बसलेली असल्यामुळं ही कविता परक्या भाषेत गेली तरी मरत नाही. काही मात्र हरवतंच. ११९व्या स्तोत्राला हिब्रूच्या २२ अक्षरांची बाराखडी आहे, प्रत्येक अक्षराला ८ वचनं, मिळून १७६. मराठीत तो खेळ उतरत नाही.

हे मराठीत आणायला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली. त्या संस्कृत कोळून प्यायलेल्या, पण दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. जड संस्कृत शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. मुक्तीतल्या बायकाच छापखाना चालवायच्या. १९२२ साली बाई गेल्या आणि पुस्तक निघालं १९२४ला.

१२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं मला सगळ्यांत जवळची. ‘शीर हमाअलोत’, म्हणजे वर चढतानाची गाणी. वर्षाच्या सणांना यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ती गाणी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीला पडतो, तिथं उभं राहिल्यावर मला ही स्तोत्रं जास्त कळतात. चालणाऱ्याचं गाणं आखूड असतं, आणि त्यात फिरून फिरून तोच शब्द येतो. १२६वं तर दुष्काळी माणसाचंच. त्यात नेगेवच्या ओढ्यांचं नाव येतं. ते एरवी कोरडेठाक असतात आणि पाऊस झाला की एकदम भरून वाहतात. आणि रडत रडत बी घेऊन निघालेला पेरणारा येतो. घरात खायला नसताना तोंडचा दाणा मातीत टाकावा लागतो, ते रडणं. आजी हे सांगताना ७२च्या दुष्काळाचं सांगायची, दोन्ही एकातच.

आता चाकणच्या बाजूला भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी उपासना भरते. नगर, जालना, बीडकडची पोरं, कुणी कायम, बहुतेक कंत्राटी. की-बोर्ड आणि ड्रम आहेत, गाणी निम्मी हिंदी. मला त्याचा राग नाही; ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजन उपासनेत आणलं तेव्हाही जुन्यांनी नाक मुरडलंच असणार. खटकतं ते निराळंच. गायला घेतात ती सगळी स्तुतीची स्तोत्रं. हिब्रूत या संग्रहाचं नाव ‘तेहिल्लीम’, स्तुतिगीतंच, हे खरं. पण त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्याचा आहे. देवा, किती दिवस, असं तोंडावर विचारणारा.

एका कंपनीनं सणाच्या तोंडावर कंत्राटी पोरांना घरी बसवलं, तेव्हाच्या रविवारी वाचन माझ्याकडं होतं. मी ८८वं काढलं. बाकीची गाऱ्हाणी शेवटी कुठंतरी आशेकडं वळतात, हे वळत नाही. त्याचा हिब्रूतला शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. वाचून झाल्यावर की-बोर्डवाल्या पोरानं लगेच सूर धरला नाही. मागच्या रांगेतल्या एकानं, गावी जायची पिशवी पायाशी ठेवून बसला होता तो, नंतर जिन्यात मला गाठलं. “काका, असं पण लिहिलंय व्हय त्यात?” म्हणाला. मी त्याला आकडा सांगितला, त्यानं तो मोबाइलवर लिहून घेतला.