तात्पुरत्या कायद्याचे आयुष्य

मुंबईत घर मिळत नाही, याचे खापर बहुधा बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांवर फोडले जाते. लोंढे आले, हे खरेच. बृहन्मुंबईच्या क्षेत्रात १९४१ साली सुमारे अठरा लाख माणसे होती. १९५१ साली ती तीस लाखांच्या घरात गेली. परंतु माणसे वाढली की त्यांच्यासाठी बांधणाराही पुढे येतो, असा या शहराचा पूर्वानुभव होता. गिरगाव-लालबागच्या कितीतरी चाळी खासगी मालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठीच उभारल्या. हा बांधणारा पुढे कुठे गेला, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धकाळातील टंचाई आणि फाळणीचे निर्वासित पाहता त्यास अन्याय्य म्हणवत नाही. कायदा मुदतीचा होता, दोष मुदतवाढीचा. १९१८ सालीही, पहिले महायुद्ध चालू असताना, असाच कायदा झाला आणि काही वर्षांनी तो संपुष्टात आला. तेव्हा मताधिकार मोजक्यांनाच होता. स्वातंत्र्यानंतर चाळीतला प्रत्येक प्रौढ भाडेकरू मतदार झाला, आणि मालक एक तर बिऱ्हाडे पन्नास! मुदत सरू देण्याचे धाडस कोणत्या पक्षाने करावे? ज्याला अजून घरच मिळाले नव्हते, त्याच्या वतीने बोलणारा मात्र कोणी नव्हता.

परिणाम व्हायचा तोच झाला. भाड्यासाठी बांधणे परवडेनासे झाले, रिकाम्या खोलीला पगडी आली, आणि भाड्यातून रंगसफेदीही निघेना तेव्हा मालकाने डागडुजी सोडून दिली. जुन्या इमारती कोसळू लागल्यावर सरकारने १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढले. मूळ भाडे गोठलेलेच राहिले. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा तर गरिबांच्या घरांसाठी म्हणून आला. त्यातून सूट मागणाऱ्या फायली फिरत राहिल्या, जमिनी अडकून पडल्या. महाराष्ट्रात तो २००७ साली रद्द झाला.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत असे म्हटले, तेव्हा कुठे विधिमंडळ हलले. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूस वर्षाला चार टक्के वाढ, आणि इतकी वर्षे गुन्हा ठरलेली पगडी कायदेशीर! नव्याने शहरात आलेला माणूस अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवरच दिवस काढत राहिला.