एका सुईची रेघ

आजीच्या मनगटावरचे किंवा कपाळावरचे गोंदण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. टोचले तेव्हा ते काजळासारखे काळे होते. आपण पाहिले तेव्हा मात्र ते निळसर-हिरवट झाले होते आणि त्याच्या रेघाही फुगल्या होत्या. आज कॉलेजात जाणारी मुले मोबाइलवर जे गोंदण दाखवतात ते निराळे दिसते. केसाएवढी रेघ, एखादे पान, एखादा शब्द. तेही दुकानातल्या तक्त्यावरून निवडलेले नव्हे, तर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराने खास त्या व्यक्तीसाठी काढलेले. याला ‘फाइन लाइन’ म्हणतात. ही नव्या यंत्राची करामत असावी असे सहज वाटते. इतिहास पाहिला तर यंत्राचा वाटा आपण समजतो त्याहून लहान निघतो.

आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेला ‘ओत्झी’ हा सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा आहेत. रंग म्हणाल तर काजळीचा, आणि रेघा १ ते ३ मिलिमीटर जाडीच्या. या रेघा कातडीला चिरा देऊन काढल्या असाव्यात असे पूर्वी मानत. प्रत्यक्ष गोंदून केलेल्या प्रयोगांच्या आधारे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र त्या हाताने टोचून काढल्या असाव्यात असा निष्कर्ष आहे. त्या बऱ्याचशा कंबर, गुडघे आणि घोटे या भागांत आहेत, म्हणून दुखण्यावरचा उपाय म्हणून त्या टोचल्या असाव्यात असे अनेकांना वाटते.

बारीक रेघेचे फार जुने उदाहरण मिळते ते पेरू देशात. तेथील चांकाय संस्कृतीच्या शंभराहून अधिक ममी संशोधकांनी जांभळ्या लेझरच्या उजेडात तपासल्या. त्याचा वृत्तान्त जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत समजायला सोपी आहे. या उजेडात कातडी स्वतः मंद चमकते, पण कातडीतली काजळी चमकत नाही. त्यामुळे साध्या डोळ्यांना धुरकट दिसणारा डाग उजळ पडद्यावरच्या काळ्या रेघेसारखा स्पष्ट होतो. थोड्याच ममींवर अतिशय नाजूक नक्षी आढळली. तिच्यातील रेघांची जाडी ०.१ ते ०.२ मिलिमीटर भरली. वय सुमारे १२०० वर्षे. निवडुंगाचा काटा किंवा घासून अणकुचीदार केलेले हाड हे त्यांचे साधन असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे पोलाद नाही, वीज नाही, तरीही रेघ बारीक. शंभरांत थोड्याच ममींवर असे काम मिळावे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. साधन सर्वांना मिळण्यासारखे होते. तसा हात मात्र थोड्यांचाच असणार.

आता यंत्राकडे वळू. थॉमस एडिसनने १८७६ साली ‘विजेच्या पेन’चे पेटंट घेतले. त्यात एक सुई वेगाने खालीवर होत कागदाला बारीक भोके पाडी. मग त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की नक्कल तयार. ज्या शिक्षकांनी सायक्लोस्टाइलवर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. ते यंत्र याच कुळातले. न्यूयॉर्कमधील गोंदणारा सॅम्युएल ओ’रायली याने कागदाच्या जागी कातडी कल्पिली आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी गोंदण्याच्या विद्युत यंत्राचे पेटंट मिळवले.

यंत्राने वेग दिला. अमेरिकेतील दुकानांत गिऱ्हाईक भिंतीवरच्या तक्त्यावरून नांगर, गरुड, हृदय असे काहीतरी निवडी आणि थोड्या वेळात बाहेर पडे. कडेच्या रेघेसाठी काही सुया एकत्र डाखून लावत, त्यामुळे रेघ ठसठशीत येई व दुरूनही दिसे. या धंद्याला एक काळी बाजू होती. एकाची सुई दुसऱ्याला वापरली की रक्तातून कावीळ पसरते. हिपॅटायटिसच्या भीतीने न्यूयॉर्क शहराने १९६१ साली गोंदण्यावर बंदी घातली, ती १९९७ पर्यंत टिकली. भारतात गोंदवून घेतलेल्याला काही काळ रक्तदान करू देत नाहीत, तेही याच धोक्यामुळे.

बारीक रेघ परत आली ती कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांतून. तिथे गोंदायला मनाई होती, म्हणून कैद्यांनी चोरून यंत्रे बनवली. कॅसेट प्लेअरची छोटी मोटर, बॉलपेनची नळी आणि सुईच्या जागी गिटारची तार. तार एकच, म्हणून रेघही एकेरी. रंग मिळत नसत, म्हणून काळी शाई पातळ करून करड्या छटा काढल्या जात. मेक्सिकन वंशाच्या या तरुणांनी आईचे नाव, प्रियेचा चेहरा, मेरीमातेची मूर्ती अशा कामांत या अडचणीचीच शैली केली. १९७५ साली चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये दुकान थाटले आणि तुरुंगातली ही एका सुईची पद्धत व्यावसायिक यंत्रावर आणली. कोठडीतच हात तयार झालेला फ्रेडी नेग्रेटे पुढे तिथे कामाला लागला. त्याआधी एक वर्ष, १९७४ मध्ये, एड हार्डी या कलाकाराने सॅन फ्रान्सिस्कोत वेळ ठरवून येणाऱ्यांसाठी, प्रत्येकाचे चित्र वेगळे काढून देणारा स्टुडिओ सुरू केला होता. जपानी गुरूकडे जाऊन तो ते काम शिकून आला होता. १९७७ साली लॉस एंजेलिसचे ते दुकानही त्यानेच विकत घेतले. आजच्या स्वतंत्र कलाकाराच्या कामात हे दोन्ही प्रवाह दिसतात.

एवढी बारीक रेघ टिकते कशी? कातडीचा वरचा थर, बाह्यत्वचा, साधारण महिना-दीड महिन्यात नवा होतो. शाई त्याच थरात राहिली तर झडून जाईल. म्हणून सुई त्याखालच्या अंतस्त्वचेत, एक-दोन मिलिमीटर खोल, जावी लागते. पुढे काय होते त्याचा धागा १८८२ सालच्या एका प्रयोगात आहे. सिसिलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. परक्या वस्तूला गिळणाऱ्या या पेशींच्या शोधाबद्दल त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गोंदणाची शाई गिळतात त्या याच जातीच्या महाभक्षी पेशी. मात्र काजळीचे कण त्यांना पचत नाहीत.

या पेशी माणसाच्या जन्मभर जगतात म्हणून गोंदण टिकते, अशी समजूत होती. फ्रान्समधील मार्सेच्या संशोधकांनी २०१८ साली ती खोडून काढली. त्यांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवे गोंदण केले आणि नंतर तिथल्या महाभक्षी पेशी मारून टाकल्या. गोंदण जसेच्या तसे राहिले! मेलेल्या पेशीतून सुटलेले कण नव्याने आलेल्या पेशींनी गिळले होते. मालक बदलतात, शाई तिथेच राहते. काही कण लसीकाग्रंथींपर्यंतही वाहून जातात.

आजीच्या गोंदणाचा उलगडाही इथेच होतो. काळे कण कातडीखाली असतात. वरची कातडी निळा प्रकाश विखरून आपल्या डोळ्यांकडे परत पाठवते, तर तांबडा प्रकाश खोल जाऊन काजळीत शोषला जातो. म्हणून काळे ते निळसर दिसते. कणांच्या हस्तांतरात काही कण थोडे सरकत असावेत, आणि वर्षे जातात तशी रेघ रुंदावते. सुई जास्त खोल गेली तर खालच्या चरबीत शाई लगेच पसरते आणि रेघेभोवती निळी छाया येते. उथळ गेली तर काही आठवड्यांत रेघ तुटक होते. जाड रेघेत ही चूक झाकली जाते. एका सुईच्या रेघेत झाकायला जागाच नसते. म्हणून चांगला कलाकार नवी, सीलबंद सुई समोर फोडतो आणि त्याचे पाच-सात वर्षे जुने काम आता कसे दिसते तेही दाखवू शकतो. ताज्या कामाचा फोटो सगळ्यांचाच सुंदर असतो. अगदी लहान अक्षरे काढायला तो नकार देतो, त्यालाही हेच कारण आहे. देवनागरीत तर ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ आणि ‘क्ष’ची गाठ आधी भरते. अक्षराच्या पोटात एक मिलिमीटरही मोकळी जागा नसेल, तर दहा-पंधरा वर्षांनी तिथे ‘ष’ होता की ‘प’ हे ज्याच्या हातावर आहे त्यालाच सांगावे लागेल.