जंतू मेला तरी...

आमच्या लालबागच्या चाळीत एखाद्याचा हात लुळा असला की "लहानपणी मेंदूज्वर झाला होता" एवढंच सांगायचे. क्षयाच्या मेंदूज्वरात आत नक्की काय होतं, हे ज्यांनी खोलात जाऊन पाहिलं त्यांतले दोघे इथलेच, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातले. मेंदूच्या विकृतींचे अभ्यासक डॉ. दस्तूर आणि मुलांचे डॉक्टर पी. एम. उदानी.

या आजारात चिकट स्राव मेंदूच्या तळाशी साचतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या नेमक्या तिथूनच जातात. दाह त्यांच्या भिंतीत शिरतो, आतलं अस्तर जाड होतं, वाट अरुंद होते (चाळीच्या जिन्यासारखी, दर मजल्यावर कुणाचं तरी सामान!) आणि पुढचा भाग रक्तावाचून मरतो. म्हणजे धमनी स्वतःला सावरायला जाते आणि त्यातच घात होतो. काही मुलांत आवरणाचा दाह बेताचाच, तरी मेंदू सुजलेला आणि त्याच्या पांढऱ्या भागाची नासाडी झालेली, हे या दोघांनी १९६६ साली मांडलं.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मुलं वाचू लागली. पण औषध जंतू मारतं, जाड झालेलं अस्तर पातळ करत नाही. म्हणून आता सोबत स्टेरॉइड देतात. त्याने मृत्यू कमी होतात, लुळेपणा मात्र फारसा टळत नाही.

असो. आपल्या दंडावर जिचा वण असतो ती बीसीजी लस लहान मुलांना वाचवते, ती मुख्यतः ह्याच मेंदूज्वरापासून.