समुद्र गेला, गाव राहिले

बेट म्हणजे चहूकडे पाणी, असे आपण शाळेत शिकलो. पण नेदरलँड्समध्ये एक बेट असे आहे, की त्याच्याभोवती बटाट्याची नि गव्हाची शेते पसरलेली आहेत. त्याचे नाव स्खोकलंड.

मुळात हे बेट नव्हतेच. मध्ययुगात ही जमीन मुख्य भूमीला जोडलेली होती. कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची ती भुसभुशीत माती. शेतीसाठी लोकांनी तिच्यातले पाणी चर खणून काढले, तशी ती सुकली, आकसली आणि खचली. झायडरझे नावाच्या उथळ समुद्राला एवढे पुरेसे होते. दर वादळात तो तिचे लचके तोडू लागला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास तिचे बेट झाले.

माणसे मातीचे उंचवटे रचून त्यांवर दाटीवाटीने राहू लागली. उत्तरेला एम्मेलोर्ड, तेथे कॅथलिक. दक्षिणेला एन्स, तेथे प्रॉटेस्टंट. शेती गेली, मासेमारी उरली. एका वस्तीतून दुसरीकडे जायचे ते चिखलावर टाकलेल्या अरुंद फळ्यांवरून! फेब्रुवारी १८२५ च्या वादळात १३ माणसे दगावली. तरी लोक हटले नाहीत. १८३४ साली त्यांच्यासाठी नवे चर्च उभे राहिले. ते आजही तेथे आहे.

पण किनारा राखण्याचा खर्च आवरेना, लोकांचे दारिद्र्यही हटेना. अखेर १८५९ साली सुमारे ६५० रहिवाशांना बेट सोडावे लागले. सरकारने भरपाई दिली, हे खरे. पण राहते घर आपल्याच हातांनी उतरवून जायचे होते. कोणी काम्पेनला गेले, कोणी फोलेनडामला. मागे राहिले दीपगृहाचे राखणदार आणि दोन-चार सरकारी माणसे.

आता पुढचे ऐका. कॉर्नेलिस लेली या इंजिनियराने समुद्रालाच बांध घालण्याची योजना १८९१ साली मांडली होती. १९१६ च्या पुराने तिची निकड पटवली. १९३२ साली ३२ किलोमीटरचा बांध पुरा झाला आणि समुद्राचे सरोवर बनले. त्याचाही एक भाग बांधाने वेगळा करून पंपांनी उपसला. १९४२ साली सुमारे ४८,००० हेक्टर जमीन उघडी पडली आणि तिच्या मधोमध स्खोकलंड! गाव सोडून ८३ वर्षे झाली होती.

एवढ्याने गोष्ट संपली असे मात्र नाही. भोवतालचे पाणी जाताच जुनी माती पुन्हा सुकू लागली, पुन्हा खचू लागली. म्हणून बेटालगतच्या एका पट्ट्यात आता मुद्दाम पाण्याची पातळी वर ठेवतात. ज्या पाण्याच्या भीतीने माणसे हलवली, तेच पाणी आज या भूमीला जपून पाजावे लागते!

१९९५ साली युनेस्कोने स्खोकलंडला जागतिक वारशात घेतले. नेदरलँड्समधले ते पहिले स्थळ. एम्मेलोर्ड आणि एन्स ही नावेही नव्या जमिनीवरच्या नव्या वस्त्यांना दिली गेली. नावे परत आली, जमीन परत आली. घरे उतरवून गेलेली माणसे तेवढी परत आली नाहीत.