बंदर सोडून द्यायचा प्लॅन

सॉफ्टवेअरमध्ये 'एंड ऑफ लाइफ' म्हणून एक प्रकार असतो. अमुक एका टप्प्यानंतर ही सिस्टिम आम्ही दुरुस्त करणार नाही, हे आधीच सांगून टाकायचं. क्रूर वाटतं खरं, पण अचानक एके दिवशी बंद पडण्यापेक्षा बरं. हाच प्रकार कोणी एका बंदराच्या बाबतीत केला असेल, असं वाटलं नव्हतं. पण केलाय.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, मलियन कोव्ह नावाची छोटीशी खाडी आहे. तिथले कोळी पिल्चर्डवर जगायचे (आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा). लागोपाठ काही हंगाम बुडाले, तेव्हा लॉर्ड रोबार्ट्स या जमीनदाराने भरपाई म्हणून स्वतःच्या खर्चाने बंदर बांधून दिलं. ते १८९५ साली पूर्ण झालं.

गंमत बघा, त्याच वर्षी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिची पहिली मालमत्ताही किनाऱ्यावरचीच, वेल्समधल्या बार्मथ गावावरचा एक डोंगरउतार. १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला एक जबरदस्त अधिकार मिळाला: एखादी जमीन 'कधीही न विकण्याजोगी' जाहीर करायची. मलियनचं बंदर १९४५ मध्ये ट्रस्टकडे आलं. १९५९ मध्ये तो किनारा सरकारी संरक्षित निसर्गप्रदेशात गेला. १९६५ मध्ये ट्रस्टने 'एंटरप्राइझ नेपच्यून' मोहीम काढली. लोकांकडून वर्गणी गोळा करायची आणि किनारे विकत घ्यायचे. म्हणजे एकदा बिल्डरच्या हातून सुटलं, की वाचलं!

पण समुद्राला हा कायदा कोण सांगणार? दरवर्षी हिवाळ्यात लाटा दगडी भिंतींवर आदळतात, दगड निखळतात, पुन्हा बसवावे लागतात. त्यात समुद्राची पातळी वाढतेय. भिंत किती वर्षं शिवत बसायची?

२००६ मध्ये ट्रस्टने उत्तर दिलं. जमेल तोवर दुरुस्ती करायची. पण एखाद्या वादळात भिंती इतक्या फुटल्या की दुरुस्ती परवडणारच नाही, तर बाहेरच्या भिंती काढून घ्यायच्या, आतल्या तेवढ्या मजबूत करायच्या. तारीख नाही, फक्त अट. २०१४ च्या वादळांनी बंदराला चांगलाच तडाखा दिला, पण ती वेळ आली नव्हती. दुरुस्ती झाली.

मला हा निर्णय पटतो, पण सहज पटत नाही. ज्याची होडी त्या भिंतीआड उभी असते, त्याला 'निसर्गाला त्याचं काम करू द्या' हे सांगणं सोपं नाही. ती भिंत मुळात त्याच्याच पणजोबांच्या पिढीच्या पोटासाठी उभी राहिली. उद्या ती गेली, तर नुकसान ट्रस्टपेक्षा त्याचं जास्त.

तरीही, भिंत उभी असतानाच हे सांगितलं, याला मी मानतो. 'कायमचं जतन' म्हणून एखादी जागा ताब्यात घ्यायची आणि तिच्यातलं काय टिकणार नाही हेही लिहून ठेवायचं, याला हिंमत लागते. आपल्याकडे वाईट बातमी बहुधा वादळानंतरच कळते. मलियनच्या कोळ्याला निदान ती आधी कळलीय, आणि विचार करायला वेळही मिळालाय.

असो. पुढच्या वादळापर्यंत बंदर उभं आहे.