खिचड्याची रात्र

चेंबूरच्या आमच्या घरात स्लो कुकर आला, तेव्हा ‘हे इंग्रजी खूळ’ अशी त्याची संभावना झाली. वस्तू परदेशी खरी. रीत मात्र आमच्याच चुलीवरची. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने हरीसाचे प्रमाणच देऊन ठेवले आहे: १० शेर मांस, ५ शेर भरडलेला गहू, २ शेर तूप. त्याच यादीत हलीमही आहे. निहारीचे नाव ‘नहार’ म्हणजे दिवस या अरबी शब्दावरून आले. रात्रभर शिजलेली निहारी सकाळी खायची.

पण रात्रभर जागायचे कुणी? मोहरमच्या देगीचे, घोटणीचे, सवाबाचे वर्णन आम्ही पुरुष मोठ्या चवीने करतो. घरातल्या पातेल्यापाशी निखारे मागेपुढे करणारी, तळ लागू नये म्हणून घडोघडी उठणारी बाई त्या वर्णनात नसते. आमच्या खाण्याचा इतिहास तिच्या झोपेपासून लिहायला हवा.

चेंबूरला त्यातले एक पान दारातच लिहिले गेले. १९५५ साली माहुलला बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्याच दशकात मुंबईत सिलिंडरचा गॅस आला आणि १९५९ साली हॉकिन्सचा प्रेशर कुकर. हळूहळू शेगडी गेली, राख गेली. (घरातला धूर गेला; कारखान्यांचा दारात राहिला.) त्याबरोबर निखाऱ्यांची मंद आचही गेली. गॅस कितीही बारीक करा, पातेल्याखाली तवा ठेवावाच लागतो. शिट्ट्यांवर गहू लवकर शिजतो, पण मांसाशी एकजीव होत नाही, अशी जुन्या बायांची तक्रार असते.

त्या ‘इंग्रजी’ भांड्याचे मूळ तरी पाहू. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियातल्या ज्यूंच्या घरची गोष्ट त्यांनी आईकडून ऐकली होती. शब्बाथला विस्तव पेटवणे निषिद्ध, म्हणून शुक्रवारी सांजेला कालवणाचे मडके गावच्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे. आमच्या कोकणातल्या बेने इस्रायलींना ‘शनवार तेली’ म्हणत, तेही याच शनिवारच्या बंधनामुळे. पुढे १९७१ साली रायव्हल कंपनीने ते भांडे ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणले. म्हणजे खूळ म्हणून हिणवले ते एका अहले-किताब घराच्या धर्माचारातून निघालेले!

आमचा अनुभव एवढाच. गहू आदल्या रात्री भिजवावा. मांस कांद्या-मसाल्यात परतून मगच भांड्यात घालावे. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी नेहमीपेक्षा कमी. झाकण सारखे उघडले तर ऊब जाते आणि वेळ वाढतो. राजमा घालायचा असेल तर तो आधी वेगळा, खळखळून उकळून घ्यावा. मंद आचेवर त्यातले विष मरत नाही.

घोटायचे काम मात्र यंत्र करीत नाही. यंदा ते आम्ही पुरुषांनी केले. पहाटे साडेचारला उठलो, दंड भरून आले, आणि घरातल्या बाया निजलेल्या होत्या.